नाल्याचा रोवणा

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं सहा वर्षं जे काही बोलणं झालं, ते सगळं बैलाच्या मार्फत झालं. हसू नका. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा सुनेनं सासऱ्याशी तोंडाला तोंड द्यायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेला हाक मारायची नाही, अशी रीतच होती. मग घरातली कामं कशी चालायची? तर मधे कुणीतरी लागायचं. कुणाकडे लहान पोर असायचं, कुणाकडे नणंद. आमच्या घरात मी, नवरा आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, एवढीच माणसं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा शेतावर असला की उरायचा तो गोठ्यातला तांबडा बैल. मामाजी त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, "काऊन रे, आज जेवाले मिळते का नाई?" मी चुलीपाशी बसून बैलालाच उत्तर द्यायची, "मिळते म्हणा, जरा दम धरा म्हणा." बैल दोघांचंही ऐकून घ्यायचा आणि कडबा चघळत राहायचा.

मी तोंडाची तिखट. लग्नाच्या वेळी माझी आई वऱ्हाडासमोर म्हणाली होती, "पोरगी कामाची आहे, फक्त हिची जीभ पेटीत बंद करून न्या." पेटी आली, जीभ मोकळीच राहिली. त्या जिभेनं माझं एक नुकसान केलं, ते सगळ्या गावाला भोवलं. तेच सांगायचं आहे.

आमचं गाव वडशाहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तेव्हा हे सगळं चांदा जिल्ह्यातच धरायचे. गावाच्या वरच्या अंगाला एक तलाव, कुठल्याशा जुन्या मालगुजारानं, त्या काळच्या जमीनदारानं, बांधलेला. खाली धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं, एकीच्या खाली एक, पार दूर पळसापर्यंत. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटाशी पाण्यात एक दगडी खांब होता. त्याला एकाखाली एक भोकं, आणि भोकांत लाकडाचे जाड दट्टे ठोकलेले. या खांबाला आमच्याकडे तुडूम म्हणतात. धानाला पाणी द्यायचं झालं की दट्टा काढायचा; पाणी उतरलं की त्याच्या खालचा. त्यासाठी बुडी मारावी लागे, आणि कुणाच्या बांधीला किती वेळ पाणी सोडायचं याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागे. हे काम मामाजींचं. त्यांच्या वडिलांचंही तेच होतं.

पाऊस आमच्याकडे कमी नाही. पण धान लोंबीवर येतं तेव्हा पाऊस नेमका दगा देतो. "पडल्या उत्तरा, भात खाईना कुत्रा; न पडल्या उत्तरा, भात मिळेना पितरा," असं म्हणतात ते उगाच नाही. उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं की त्या एका शेवटच्या पाण्यासाठी सगळं गाव तलावाकडे पाहायचं. आणि तलाव पाहायचा नाल्याकडे. टेकडीवरून उतरणारा एकच नाला तलावात येत होता. त्याच्या दोन्ही काठांना वीस-पंचवीस पावलं रुंदीची पट्टी मोकळी सोडलेली असे. तिथे वाळा माजलेला, सिंदी, कहूची म्हणजे अर्जुनाची मोठी झाडं. त्या पट्टीत नांगर घालायचा नाही, असा मालगुजाराचा हुकूम होता.

मी सून म्हणून आले त्याच सुमाराला मालगुजारी गेली. सरकारनं काढून घेतली. गावात ढोल वाजले, गूळ वाटला. लोकांना जमिनीचा आनंद होताच, पण त्याहून मोठा आनंद होता बेगार संपल्याचा. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस मालगुजारासाठी फुकट राबायला जायचा. तलावातला गाळ काढायचा आणि टोपल्यांनी पाळीवर टाकायचा, महिनाभर, उन्हातान्हात. कुणाची बारी आली हे दारोदार जाऊन सांगायचं काम मामाजींकडे होतं, कारण तलावाची देखरेख त्यांचीच. त्या दिवशी चावडीसमोर लोकांनी हातावर हात मारून सांगितलं, की आता या पाळीवर पुन्हा कुणी टोपली उचलणार नाही. मामाजी घरी येऊन शांत बसले. मला वाटलं, बुढ्याचा मान गेला म्हणून तोंड पाडून बसला आहे.

मालगुजारी गेल्यावर चौथ्या उन्हाळ्यात मी नवऱ्याच्या मागे लागले. आमची वरची एक बांधी नाल्याला लागूनच. काठाची ती काळी, भुसभुशीत माती रोज डोळ्यांसमोर. मी म्हटलं, मालगुजार गेला, हुकूम गेला, मग एवढी सोन्यासारखी जमीन गवताला काऊन सोडायची? नवरा बापाला भिऊन होता. एक दिवस गोठ्यात मामाजी बैलाला म्हणाले, "सांग रे तिले. नाल्याचा काठ नाल्याचा असते." मी शेण गोळा करता करता म्हटलं, "त्यायले म्हणा, नाला काय सातबारा घेऊन येते का आपल्या दारी?" मामाजींनी दावं सोडलं आणि बैलच घेऊन गेले. दोन दिवस ते बैल चारायला टेकडीवर नेत होते, म्हणजे नांगर जुंपता येऊ नये आणि मला बोलायलाही कुणी राहू नये. मी काय कमी! शेजारची जोडी मागून आणली आणि नवऱ्याकडून पट्टी नांगरून घेतली. सिंदी तोडली, वाळा उपटून जाळला.

त्या वर्षी त्या पट्टीवर जे धान आलं, तसं मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. लोंब्या हातात मावत नव्हत्या. मी मुद्दाम सूप भरून गोठ्यासमोर पाखडायला बसले आणि बैलाला म्हटलं, "पाह्यलं का म्हणा." मग काय, गावात ज्याची ज्याची जमीन नाल्याला लागून होती, त्यानं त्यानं नांगर घातला. ज्याची नव्हती त्यानंही वरच्या अंगाला जाऊन घातला. वर्षभरात नाल्याचे दोन्ही काठ उघडे पडले. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायला आता मालक कुणी उरलाच नव्हता.

पुढल्या पावसाळ्यात मघा नक्षत्रानं झोडपलं. नाला लाल होऊन आला आणि त्यानं काठ खाल्ले. माझी पट्टी एका सकाळी निम्मी गेली. मी उभ्या उभ्या पाहत होते. ती सगळी माती वाहत वाहत तलावाच्या तोंडाशी जाऊन बसली, तिचा असा ढीग झाला की नाल्याला आत शिरायला वाट राहिली नाही. मग तो बाजूला वळला आणि गुरांच्या चराईतून थेट वैनगंगेकडे निघून गेला. तलाव अर्धाही भरला नाही. आणि उत्तरा कोरडी गेली.

लोंबी पोटातच वाळली. मामाजी तुडुमाकडे गेले; बुडी मारायची गरजच पडली नाही, गुडघाभर पाण्यात चालत जाऊन त्यांनी तळाचा दट्टा काढला. थोडा चिखल आला आणि थांबला. ते दट्टा हातात घेऊन घरी आले, भिंतीवरच्या खुंटीला दोरीनं बांधून ठेवला आणि बैलाला म्हणाले, "हा आता इथीच राहीन." मी ऐकलं. रात्रभर नाही, महिनाभर मला तेच दिसत होतं: जळता वाळा, आणि मी कंबरेवर हात ठेवून उभी.

नवरा आलापल्लीला गेला, सागाच्या कुपावर, तोडीला काढलेल्या जंगलात, लाकूड तोडायला. गावातले आणखी काहीजण गेले. जाताना नवऱ्यानं स्पष्ट सांगितलं, "अजून एक साल पाहू. पुढच्या दिवाळीले धान नसन, तर घराले कुलूप घालून तिघंबी तिकडंच राहू." मामाजी गोठ्यातून बोलले, तेही बैलाशीच, "त्याले सांग, दोघंच जाजा. मी येणार नाई." आणि मला माहीत होतं की बुढा बोलला तसंच करेल. एकटा माणूस, डोळ्यांनी अधू होत चाललेला, कोरड्या तलावापाशी बसून राहील. आणि हे माझ्यामुळे होईल. मामाजींना त्यांच्या घरात ठेवायचं तर तलाव भरायला हवा, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी माझ्यापुढे होती.

त्या हिवाळ्यात गावात ग्रामसेवक आला. कोवळा माणूस, पांढरी टोपी, सायकल. बोलणं पुस्तकी, पण मनानं चांगला. त्यानं चावडीच्या भिंतीवर नकाशा लावला आणि काठीनं दाखवलं: हा तुमचा नाला, तो वैनगंगेला मिळतो, ती पुढे प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणाला, "तुमच्या गावची माती आज समुद्राच्या तळाशी आहे." बाया मागे उभ्या होत्या, मी त्यांच्यात. माझ्या मनात आलं, माझ्या पट्टीनं जग पाहिलं, मी मात्र वडशाच्या पुढे गेले नाही. हसू यायला हवं होतं, आलं नाही. मग तो म्हणाला की आपण सगळे मिळून श्रमदान करू, तलावाचं तोंड मोकळं करू.

"श्रमदान म्हणजे?" एकानं विचारलं.

"म्हणजे सगळ्यांनी आपखुशीनं, मोबदला न घेता, टोपल्यांनी गाळ काढायचा."

"म्हणजे बेगारीचं बारसं केलं म्हणा ना," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

हसला नाही तो एकच. पार खालची, पळसापाशची शेवटची बांधी ज्याची होती, तो; त्याला सगळे भाऊच म्हणायचे. तो उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "माझा बाप तापानं फणफणून राह्यला होता. तरी हाक आली. गेला, आणि पाळीवर टोपली घेऊन पडला तो पडलाच. मी त्या पाळीवर माती टाकणार नाई, सरकार सांगो का देव सांगो." मग त्यानं मामाजींकडे पाहिलं. "हाक कोणी देली होती, ते यायले विचारा."

मामाजी उठले, काठी घेतली आणि निघून गेले. ग्रामसेवकानं नकाशा गुंडाळला. मी वाटेत एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "खरं आहे माय. तुझ्या सासऱ्याले तरी काय मालूम, का तो मरन. हुकूम होता, हाक देली." तेव्हा मला उमगलं, की मालगुजारी गेली त्या दिवशी बुढा मान गेला म्हणून गप्प नव्हता. नाल्याचा काठ नांगरू नका, हे तो गावात कुणालाही ओरडून सांगू शकत होता, पण त्याच्या ओरडण्यानं लोकांना कशाची आठवण येईल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो फक्त बैलाला सांगत बसला. आणि मी त्या बैलाच्या तोंडावर उत्तरं फेकत बसले.

माघ संपत आला आणि मामाजी सकाळी सकाळी बैल घेऊन गायब व्हायला लागले. तिसऱ्या दिवशी मी भाताची शिदोरी घेऊन माग काढला. तलावापाशी नाही, बांध्यांपाशी नाही, पार टेकडीवर, जिथं नाला दोनच हात रुंद होता, तिथं बुढा वाकून दगड लावत होता. बैलाच्या पाठीवर गोणीत दगड. नाल्याच्या आडवी एक ओळ, गुडघ्यापेक्षा कमी उंचीची, दगडांच्या मधे फटी सोडलेल्या. दहा-वीस पावलं खाली आणखी एक. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी झाडाला टेकून बैलाला म्हटलं, "एवढ्याशा दगडांनी पाणी अडते का, विचारा म्हणा."

"तिले सांग, पाण्याले अडवा लागत नाई, दमवा लागते," मामाजी म्हणाले. "मोठा बांध घातला का ते चिडते आन बांधच घेऊन जाते. इथी जरासं थांबव, तिथी जरासं थांबव. मंग माती खाली ठेवून येते." त्यांनी आणखी एक दगड बसवला. मग पुन्हा बैलाला, "काही माणसं बी तशीच असते." मला काय कळायचं ते कळलं. मी पदर खोचला आणि दगड वेचायला लागले.

उन्हाळाभर आम्ही दोघं आणि बैल तेच करत होतो. मोहफुलं पडायची तेव्हा पहाटे मोहफुलं वेचायची, मग दगड. हाताची साल निघाली. पण तलावाच्या तोंडाशी मातीचा जो ढीग होता, तो दोन माणसांच्या हातचा नव्हता. त्याला गाव लागणार होतं, आणि गावानं शपथ घेतलेली. एक दिवस मला राग आवरेना. मी बैलाला म्हटलं, "त्यायले म्हणा, त्या भावाच्या घरी जाऊन एकदा बोला तर." मामाजींनी हातातला दगड खाली ठेवला. "कोणत्या तोंडानं जाऊ, तिले विचार," म्हणाले, आणि पुन्हा दगड उचलला. मला माझीच लाज वाटली.

जमिनीत ओल धरली, धानाच्या रोपांचे परहे टाकून झाले. परहे लावणीला येईपर्यंत तीन-चार हप्ते लागतात. त्या दिवसांत बाया विहिरीवर जमून रोवण्याच्या बाऱ्या ठरवतात. आमच्याकडे रोवणा म्हणजे लावणी एकट्या घरानं होत नाही. गावच्या सगळ्या बाया आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या. जिच्या बांधीत आपण राबलो, तिनं आपल्या बांधीत यायचं; न येणारीला गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि जिची बारी, तिनं दुपारचं जेवण घालायचं. यात कुणाचा हुकूम नसतो, तरी कुणी चुकत नाही.

विहिरीवर सगळ्या बोलत होत्या, पहिली बारी कुणाची. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "पहिली बारी नाल्याची."

बाया हसल्या. एक म्हणाली, "नाला रोवाले येते का व तुझ्या बांधीत?"

"आला नाई का?" मी म्हटलं. "तुझ्या सासूच्या बांधीत आला, तिच्या सासूच्या बांधीत आला. दरसाल राबला. आपण कोणी एक दिवस तरी त्याच्या इथी गेलो का? एखाद्या बाईचा एक दिवस न फेडता बसलो असतो, तर गावानं बोलू देलं असतं का आपल्याले?"

मी बोलत सुटले. म्हटलं, गाळ पाळीवर टाकायचा नाही. मालगुजाराची नाही, सरकारची नाही, ही माती आपल्याच बांध्यांची आहे. जिची तिनं टोपली भरायची आणि आपल्या बांधीत नेऊन टाकायची. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. "त्या ढिगात सगळ्यात जास्त माती माझी आहे. काठ पहिले म्या नांगरला. मामाजी नाई म्हणत होते, म्या ऐकलं नाई. माझी पट्टी आजपासून नाल्याची. तिच्यावर वाळा लावीन." मी काही रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी रडले, विहिरीवर, सगळ्यांसमोर.

शेवटच्या बांधीवाल्या भावाची बायको विहिरीच्या काठाला बसली होती. फार कमी बोलणारी. तिनं विचारलं, "नाल्याच्या बारीले जेवण कोण घालन?"

"मी घालीन."

"मंग येतो आमी," ती म्हणाली, आणि तिनं दोर ओढायला घेतला.

माझ्या घरी त्या पट्टीवरच्या धानाचे तांदूळ एक मडकं उरले होते. गेलं साल कसंही काढलं, पण ते मी खाल्ले नव्हते. का ते माहीत नाही. ते सगळे शिजवले. लाखोळीची डाळ केली. मामाजी गोठ्यात बसून पाहत होते.

बाया आल्या त्या रोवण्याला येतात तशाच, लुगडी वर खोचून, गाणी म्हणत. अर्ध्या बाया गाळ भरत होत्या, अर्ध्या वाळ्याची ठोंबं लावत होत्या. तलावाच्या मागच्या बाजूला थोडा वाळा वाचला होता, तो आणलेला. धान लावतात तशी सरळ ओळ, एकीच्या कोपराला दुसरीचं कोपर, मागे मागे सरत. माझ्या पट्टीपासून सुरुवात केली. पुरुष पाळीवर उभे राहून तमाशा बघितल्यासारखे बघत होते. काही हसत होते. शेवटच्या बांधीवाला भाऊ हाताची घडी घालून सगळ्यांच्या मागे होता.

त्याची बायको भरली टोपली डोक्यावर घेऊन निघाली. तिची बांधी सगळ्यांत लांब. पहिली खेप टाकून आली, दुसरी टाकून आली. तिसऱ्या खेपेला चिखलात तिचा पाय गेला आणि ती गुडघ्यावर बसली. टोपली तिनं सोडली नाही. तो पाळीवरून खाली आला. त्यानं तिच्या डोक्यावरची टोपली आपल्या डोक्यावर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बांधीत नेऊन राह्यलो. पाळीवर नाई." कुणी हसलं नाही. तो गेला, टोपली रिकामी करून आला आणि पुन्हा भरायला बसला. दुपारी पंगतीत तो जेवलाही.

दुसऱ्या दिवशी सात-आठ पुरुष फावडी घेऊन आले. चौथ्या दिवशी तलावाचं तोंड मोकळं झालं. ग्रामसेवक सायकल दामटत आला, हरखून गेला, वही काढून लिहायला लागला. शेवटच्या बांधीवाल्या भावाची बायको, जी दिवसभरात चार शब्द बोलायची, ती त्याला म्हणाली, "साहेब, श्रमदान नका लिहू. रोवणा लिहा." त्यानं काय लिहिलं देव जाणे.

त्या संध्याकाळी मी दिवा लावायला आत गेले तर खुंटीवरचा दट्टा नव्हता. मामाजी तलावावरून येताना दिसले, हात रिकामे, धोतर कमरेपर्यंत चिखलानं माखलेलं.

मग पाऊस धरला. मी रोज छत्रीऐवजी मोऱ्याखाली, पानांच्या इरल्याखाली, डोकं घालून नाला बघायला जायची. पाणी आलं ते गढूळच आलं, पण गेल्या सालासारखं लाल नाही. वरच्या दगडी ओळींमागे मातीचे लहान लहान थर बसले होते. दोन ओळी वाहून गेल्या, त्या आम्ही पुन्हा लावल्या. वाळ्याची निम्मी ठोंबं जगली. आणि नाला तोंडाशी आला, जरासा घुटमळला आणि तलावात शिरला. मी तिथंच चिखलात बसून घेतलं.

तलाव काठोकाठ भरला असं खोटं सांगणार नाही. तुडुमाची खालची तीन भोकं पाण्यात गेली, वरची उघडीच राहिली. उत्तरा त्याही वर्षी कोरडी गेली. धान पोटऱ्यांत आलं होतं, जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या आणि सगळं गाव मामाजींच्या तोंडाकडे बघत होतं.

त्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. मामाजी गोठ्यातून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले. मी पदर पुढे ओढला आणि वाट पाहिली, आता बैलाला काही सांगतील. बैल तिथंच होता, दोन हातांवर. त्यांनी बैलाकडे पाहिलं नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "तीन भोकांचं पाणी आहे. सगळ्यायले पुरन का नाई, सांगता येत नाई. पहिलं पाणी कोणाले सोडू?"

सहा वर्षांत पहिल्यांदा मला हाक मारली होती त्यांनी. आमची खालची बांधी तुडुमाला सगळ्यांत जवळची. पहिलं पाणी आम्हालाच मिळायचं, चालत आलेलं होतं. मला ते माहीत होतं आणि त्यांनाही. मी पदराआडून, पण बैलाकडे न बघता म्हटलं, "शेवटच्या बांधीले, मामाजी."

"मले बी तसंच वाटे," ते म्हणाले.

ते काठी टेकत त्या भावाच्या दारी गेले. मी मागे थोड्या अंतरावर. त्याच दारात उभं राहून त्यांनी एके काळी हाक दिली होती. आताही दिली. "भाऊ, तुझ्या बांधीले पाणी सोडून राह्यलो. माझ्यानं आता बुडी मारवत नाई. दट्टा काढाले येते का?" तो दारात आला. त्यानं सदरा काढून बायकोच्या हातात दिला आणि मामाजींच्या पुढे चालायला लागला. पाळीच्या चढावर थांबला आणि बुढ्याला हात दिला.

पाणी त्या शेवटच्या बांधीत पोचायला दुपार टळली. वाटेतल्या बांध्यांवर लोक धुऱ्याधुऱ्यांवर उभे होते, पाणी आपल्या दारावरून पुढे जाऊ देत. कुणी फोडून घेतलं नाही. मग खालून वर, एकेक बांधी भिजत आली. आमची सगळ्यांत शेवटी. पाणी कमीच पडलं, आमचं निम्मं धान पोचट गेलं. त्याचं मला वाईट वाटलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

दिवाळीला नवरा आलापल्लीहून आला. येताना कुलूप विकत घेऊन आला होता, चांगलं मोठं, पितळेचं. अंगणात धानाची रास बघून तो उभाच राहिला. मग आत आला, इकडे तिकडे बघितलं आणि मला विचारलं, "सामान बांधलं नाई?" मी उत्तर द्यायच्या आत मामाजी ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, त्याले भात वाढ. लय दूरून आला."

नवऱ्यानं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग गोठ्यातल्या बैलाकडे पाहिलं. बैल कडबा खात होता. मी ताट मांडलं आणि म्हटलं, "मामाजी, तुम्हीबी बसा ना."

ते बसले.